पिशवी

दाराच्या मागं खिळ्याला एक पिशवी लटकते,
धारूरच्या कुठल्याशा साडी सेंटरची.
एक बंद तुटला तेव्हा आईनं त्याला मांजरपाटाची पट्टी शिवली.
आत सोनोग्राफी, रक्त, लघवी, एक्स-रे,
मेडिकलची बिलं, ज्यांवरची अक्षरं उडाली, आकडेही उडाले,
आणि एक कागद, ज्यावर अंगठा नाही, सही आहे.
सातवी शिकली होती ती.
वळणदार लिहिलंय : कालिंदा बन्शी तोंडे.

वय बत्तीस. तक्रार, अंगावरून पांढरं जातं.
एवढंच.
जीपवाला नवनाथ म्हणाला, डॉक्टर देवमाणूस आहे.
(त्याला खेपेमागं काय मिळायचं ते आम्हाला नंतर कळलं.
कळल्यावरही आम्ही त्याच्याच जीपनं जात राहिलो,
दुसरी जीप नव्हती.)

देवमाणसानं पडद्यावरच्या करड्या ढगात बोट ठेवलं.
सूज आहे म्हणाला.
लेकरं झालीत ना दोन?
मग रिकामी पिशवी कशाला सांभाळता, बाई?
उद्या कॅन्सर झाला तर लेकरांकडं कोण बघणार?

आई दिवसाला सहा ब्लाउज शिवायची.
जास्तीचं कापड कापून टाकायचं असतं,
हे तिला लगेच पटलं.

बोरमाळ गेली. सहाव्या दिवशी ती परत आली,
पोट दाबून धरलेलं, दर खड्ड्याला नवनाथला शिव्या.
गल्लीतल्या बाया बिस्किटपुडे घेऊन आल्या.
गयाबाईनं विचारलं, कितीत झालं?
द्वारका म्हणाली, माझं तर ह्याच्यापेक्षा सस्त्यात झालं.
मी उंबऱ्यावर बसून मोजलं,
खाटेभोवती नऊ बाया,
त्यातल्या चौघींच्या पोटावर टाके.

मग ऊन तिच्या आतच राहायला आलं.
पौषाच्या रात्री ती पदर भिजवून मानेवर ठेवायची
आणि आमच्या अंगावरची गोधडी सारखी करायची.
चाळिशीच्या आत गुडघे गेले, मग कंबर, मग मशिनचा पायटा.
पिशवी फुगत गेली.
कॅल्शियम. ताकदीच्या गोळ्या.
शनिवारच्या शनिवारी पिवळं सलाईन,
ते उतरताना बघून तिला खरंच बरं वाटायचं.
सूर्यग्रहण लागलं तेव्हा धाकट्यानं एक एक्स-रे पळवला,
आणि गल्लीतल्या पोरांनी पाळीपाळीनं
आईच्या मणक्यांतून सूर्य बघितला.

औंदा मलाही तेच.
आंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण,
माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल, डोळ्यांवर झोप.
तपासलं. नीट विचारलं. सात दिवसांच्या गोळ्या.
सोनोग्राफी?
गरज नाही.
सुई?
गरज नाही. बरं वाटेल. नाही वाटलं तर परत या.

आई बाकावरून उठली, गुडघा धरून.
"एवढंच? साधी सुई बी न्हाई?
एवढं भाडं घालून आलो आपण!"
बाहेर ती सीताफळवालीशी भांडली,
मग सुट्ट्या पैशावरून कंडक्टरशी.
आडस मागं पडलं तशी गप्प झाली.

गोळ्यांचं पाकीट माझ्या हातातून घेतलं,
उलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं,
कापडाचा पोत बघावा तसं.
"सातच दिवसाच्या?"
सात.
"मला बी ह्याच दिल्या असत्या का गं?"

मागच्या सीटवर कुणाचं तरी लेकरू रडत होतं.
मी त्याच्याकडं बघत राहिले.

आठव्या दिवशी तिनं रिकामं पाकीट मागून घेतलं
आणि खिळ्यावरच्या पिशवीत टाकलं.
हे कशाला, मी म्हटलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली,
"बरं झाल्याचा एक तरी कागद पाहिजे की हिच्यात."